दार्या वार्फोलोमेयेव: बाराव्या वर्षी देश बदलला, सतराव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण

सांजवेळ

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ९ ऑगस्ट २०२४ ला रिदमिक जिम्नॅस्टिक्सची वैयक्तिक अंतिम फेरी झाली. जर्मनीची दार्या वार्फोलोमेयेव १४२.८५० गुणांसह पहिली, बल्गेरियाची बोरियाना कालेन १४०.६०० वर दुसरी आणि इटलीची सोफिया राफाएली १३६.३०० वर तिसरी आली. आदल्याच दिवशी आपल्या हॉकी संघाचं कांस्य आणि नीरजचं रौप्य झालं होतं, त्या दिवशी अमन सेहरावतची कुस्ती होती, त्यामुळे इकडे या निकालाची बातमी कुणाच्या नजरेस पडली नसेल तर नवल नाही. पण या मुलीची वाटचाल मी तेव्हापासून मिळेल तिथून वाचतेय, आणि मला वाटतं ती खेळात मुली घातलेल्या प्रत्येक आईबापाला माहीत असावी. म्हणून हा धागा.

दार्याचा जन्म ४ नोव्हेंबर २००६ चा, सायबेरियातल्या बार्नाउल शहरातला. आई स्वतः जिम्नॅस्ट होती, त्यामुळे पोर चालायला लागल्यावर थोड्याच वर्षांत कार्पेटवर. आजोबांमुळे जर्मनीशी नातं होतं. २०१९ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ती श्टुटगार्टजवळच्या फेलबाख-श्मिडेनमधल्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात आली. भाषा येत नव्हती आणि आईवडील सुरुवातीला रशियातच होते. तिथे तिला युलिया रास्किना या प्रशिक्षक मिळाल्या. रास्किना बेलारूसच्या, सिडनी २००० च्या रौप्यविजेत्या. त्या वेळी त्यांचं सुवर्ण पाव गुणाच्याही आत हुकलं होतं.

पुढचं सगळं फार वेगाने घडलं. २०२२ साली सोफियाच्या जागतिक स्पर्धेत क्लब्जमध्ये (मुद्गलासारख्या दोन छोट्या दांड्यांच्या प्रकारात) सुवर्ण आणि सर्वांगीण प्रकारात, म्हणजे सगळ्या साधनांचे गुण मिळून, रौप्य, तेव्हा वय पंधरा. २०२३ मध्ये वॅलेन्सियाला सर्वांगीण, हूप, बॉल, क्लब्ज, रिबन अशी वैयक्तिक पाचही सुवर्णं. जर्मनीला सर्वांगीण विश्वविजेतेपद त्याआधी मिळालं होतं ते १९७५ मध्ये, कार्मेन रिश्कोकडून. पॅरिसचं सुवर्ण हे तर या खेळातलं जर्मनीचं पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण, त्याआधी १९८४ चं रेगिना वेबरचं कांस्य होतं. २०२४ ची जर्मनीची सर्वोत्तम महिला क्रीडापटूही तीच ठरली. बहुतेक जणी ऑलिंपिकनंतर थांबतात, ही थांबली नाही. २०२५ मध्ये रिओला पुन्हा सर्वांगीण विश्वविजेती झाली.

आता माझा मुद्दा. हे सगळं वाचून आपण पटकन म्हणतो, "जन्मजातच असतं ते". असतंही. पण मला या कारकिर्दीत सगळ्यात मोठी गोष्ट दिसते ती म्हणजे बाराव्या वर्षापासून पुढे तिच्याभोवतीचं काही बदललं नाही. एकच हॉल आणि एकच प्रशिक्षक. शाळा, सराव, फिजिओ सगळं एका परिसरात. पॅरिसमध्ये चौथी आलेली मार्गारिटा कोलोसोव्ह हीसुद्धा जर्मनीची, आणि तीही रास्किनांकडेच तयार झालेली. एका गावातल्या एका हॉलमधून ऑलिंपिकची पहिली आणि चौथी येते तेव्हा फक्त दैवी देणगीवर ते ढकलता येत नाही.

आपल्याकडे मुली कमी नाहीत. आठव्या-नवव्या वर्षी थक्क करणारी लवचीकता असलेल्या मुली मी पाहिल्यात. त्या चौदाव्या वर्षी कुठे जातात, हा प्रश्न मला छळतो. जाणकारांनी लिहावं.

मनमाडकर

लेख आवडला. एक मूलभूत प्रश्न: दीपा कर्माकर करायची ते आणि हे एकच का? आणि गुण देतात कसे? मला तर सगळ्याच सारख्या सुंदर वाटतात.

ठाण्याची_रिबन

मनमाडकर, दीपाचं ते आर्टिस्टिक: व्हॉल्ट, बार, बीम, फ्लोअर. रिओ २०१६ ला ती व्हॉल्टमध्ये १५.०६६ गुणांसह चौथी आली होती. रिदमिक हा वेगळा खेळ आहे, ऑलिंपिकमध्ये फक्त मुलींचा. १३ बाय १३ मीटरचं कार्पेट, संगीत, आणि हातात एक साधन. वैयक्तिक रूटीन सव्वा ते दीड मिनिटाचं. सध्या चार साधनं आहेत: हूप, बॉल, क्लब्ज, रिबन. दोरी पूर्वी होती, सीनिअर वैयक्तिकमधून ती गेली. सीनिअर मुलींची रिबन ६ मीटरची असते, ज्युनिअरची ५.

मी शाळेत असताना राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळले आहे, आता लहान मुलींना शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

परीक्षक तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. एक म्हणजे काठिण्य. त्यातही दोन भाग: शरीराचं (उड्या, तोल, गिरक्या) आणि साधनाचं. साधनाचं म्हणजे ते पायाने पकडणं, पाठीमागे न बघता झेलणं, मानेवरून-हातावरून घरंगळवणं. दुसरी कलात्मकता, संगीताचा स्वभाव अंगात उतरलाय का ते. तिसरी सफाई, इथे फक्त कापाकापी. साधन पडलं, सीमारेषेबाहेर गेलं, गुडघा वाकला, टाच टेकली, प्रत्येकाला वजावट. रिबनला गाठ पडली तर सगळंच रूटीन विस्कटतं.

बघताना एक गोष्ट धरून बघा. साधन उंच फेकून ती त्याखाली दोन-तीन कोलांट्या किंवा गिरक्या घेते आणि नजर नसताना झेलते. त्याला आम्ही 'रिस्क' म्हणतो. दार्याचं रिस्क बघा. फेक इतकी नेमकी असते की झेलण्यासाठी तिला पाऊल बदलावं लागत नाही. हे लवचीकतेतून येत नाही, एकच फेक वर्षानुवर्षं तीच तीच केल्यावर येतं. आणि त्यासाठी काय लागतं? उंच छप्पर! सांजवेळ, तुमच्या 'हॉल'च्या मुद्द्याला माझं शंभर टक्के अनुमोदन ते याच कारणाने.

आमच्या लहानपणी सराव बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, तोही कोर्ट रिकामं असेल तेव्हा. कार्पेट रोज अंथरायचं, रोज गुंडाळायचं. छप्पर कमी उंचीचं, त्यामुळे फेक आपोआप आखूड व्हायची. मग स्पर्धेला मोठ्या स्टेडियममध्ये गेलं की फेक उंच जायची, वेळेचा अंदाज चुकायचा, आणि साधन पडायचं. मे महिन्यात रिबनच्या सरावाला सगळे पंखे बंद करावे लागतात, नाहीतर रिबन वाऱ्याने भरकटते. घामाने बॉल निसटतो ते वेगळंच. ज्या मुली हे सगळं सोसून पोडियमवर जातात त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. ठाण्याच्या संयुक्ता काळेने पंचकुल्याच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत रिदमिकची पाचही सुवर्णं घेतली तेव्हा आमच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून लिहितोय. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, इथे आपली मराठी माणसंही बरीच.)

फेलबाख म्हणजे शहराला चिकटलेलं छोटं गाव. एका बाजूला द्राक्षमळ्यांची टेकडी, दुसऱ्या बाजूला घरं. एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, पोचता येतं. लोकांच्या डोळ्यांसमोर ऑलिंपिक केंद्र म्हणजे भव्य काहीतरी येत असेल, तसं इथे काही नाही. श्मिडेनचा क्लब हा गावचा क्रीडा क्लब आहे. जर्मनीत असे 'फेराइन' प्रत्येक गावात असतात, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे सभासद, वर्गणी साधी. अशाच क्लबच्या आधाराने राष्ट्रीय केंद्र उभं राहिलंय, हे मला महत्त्वाचं वाटतं. माझी मुलगी दुसऱ्या एका क्लबमध्ये हौस म्हणून जाते. तिथले पालक आळीपाळीने स्पर्धेला केक करून नेतात, त्या विक्रीतून लिओटार्डचे (स्पर्धेच्या घट्ट पोशाखाचे) पैसे निघतात.

पण एक बाजू मांडायलाच हवी. २०२४ च्या अखेरीस श्टुटगार्टमधल्याच आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सच्या केंद्राबद्दल माजी खेळाडूंनी जाहीरपणे बोलायला सुरुवात केली: दुखापतीत सराव, मानसिक छळ. तो खेळ वेगळा, हॉल वेगळा, प्रशिक्षक वेगळे, दार्याचा त्याच्याशी संबंध नाही. तरी 'एका जागी सगळं' ही व्यवस्था जितकी ताकद देते तितकीच ती मुलीला बंदिस्तही करू शकते. शाळा, राहणं, सराव सगळं एकाच ठिकाणी असेल तर प्रशिक्षकाबद्दलची तक्रार ती सांगणार कुणाला?

अबोली

नेकारकाठ यांनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कारण मूळ लेखात ही बाजू आली नव्हती. २०२२ मध्ये इटलीच्या माजी राष्ट्रीय खेळाडू नीना कोर्रादिनी आणि आन्ना बास्ता यांनी देसिओच्या अकादमीतल्या रोजच्या वजनकाट्याबद्दल, सगळ्यांदेखत होणाऱ्या अपमानाबद्दल सांगितलं होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना पाणी प्यायचीसुद्धा भीती वाटावी, असलं सुवर्ण कुणाला हवंय?

माझा दुसरा आक्षेप निकालाबद्दल आहे. मार्च २०२२ पासून रशिया आणि बेलारूसच्या मुलींवर आंतरराष्ट्रीय बंदी होती. पॅरिसला रशियाची एकही मुलगी कार्पेटवर नव्हती. २००० ते २०१६ सलग पाच ऑलिंपिक सुवर्णं रशियाची: बार्सुकोवा, काबाएवा, दोनदा कानाएवा, मग मामून. रशियाच्या अव्हेरिना बहिणी असत्या तर पॅरिसला काय झालं असतं?

सांजवेळ

अबोली, पहिल्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. देसिओच्या त्या मुलींनी तोंड उघडलं म्हणून आज इतर ठिकाणच्या मुलींना बोलायचं बळ मिळतंय. 'भोवतालचं काही बदललं नाही' असं मी म्हणते तेव्हा त्यात चांगला भोवताल गृहीत आहे, आणि हे गृहीत धरणं पुरेसं नाही, हे तुम्ही आणि नेकारकाठ यांनी बरोबर दाखवलंत.

दुसऱ्यावर मात्र असहमत. रशियाची मक्तेदारी बंदीच्या आधीच मोडली होती. टोकियोत सगळ्या रशियन मुली हजर असताना इस्रायलच्या लिनॉय आश्रामने १०७.८०० गुणांनी सुवर्ण घेतलं, दिना अव्हेरिना १०७.६५० वर राहिली. त्या अंतिम फेरीत लिनॉयच्या हातून रिबन पडली होती, त्यावरून केवढा गदारोळ झाला! पण निकाल तोच राहिला. दार्या तर मुळात बार्नाउलची, तिचा पाया रशियन पद्धतीनेच घातला गेला आहे. पॅरिसला समोर असलेली राफाएली २०२२ ची विश्वविजेती, कालेन २०२३ ची युरोपीय विजेती. अनुपस्थित मुलींशी तुलना करून हजर मुलींचं यश कमी होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

राफाएलीचं उदाहरण माझ्या मूळ मुद्द्यालाही धरून आहे. फाब्रिआनो नावाच्या छोट्या गावात ती युलिएता कान्तालुप्पींच्या हाताखाली घडली. ऑलिंपिक तोंडावर असताना कान्तालुप्पी इस्रायलला गेल्या आणि राफाएलीला नव्या प्रशिक्षकाबरोबर तयारी करावी लागली. तरी तिने कांस्य आणलं, हे तिचं मोठेपण. पण त्या वर्षातली तिची रूटीन्स आधीच्या तिच्याच रूटीन्सशेजारी ठेवून बघा, धडधड दिसते.

फिजिओ_नाशिक

या वयाच्या खेळाडू मुली माझ्याकडे येतात, आर्टिस्टिकच्या, रिदमिकच्या, मल्लखांबाच्याही. नावं-गावं न सांगता थोडं लिहितो.

रिदमिकमध्ये पाठ सगळ्यात आधी बोलते. इतकी मागे वाकणी झाल्यावर कमरेच्या मणक्यात बारीक तडा जाऊ शकतो. सुरुवातीला फक्त 'आखडल्यासारखं' वाटतं आणि तिथेच घरचे फसतात, तेल लावून परत सरावाला पाठवतात. वाकताना एका बाजूला नेमकी एका जागी दुखत असेल आणि विश्रांतीनंतरही तेच असेल तर दाखवून घ्या.

दुसरं, हा खेळ एकांगी आहे. ज्या पायाची उडी चांगली तोच पाय आयुष्यभर वर जातो. चांगला प्रशिक्षक दोन्ही बाजू सारख्या करून घेतो, घाईतला करत नाही. पहिल्या भेटीत हे एवढंच बघितलं तरी प्रशिक्षक कळतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात जात नसेल तर पाळी लांबते किंवा बंद होते, हाडं ठिसूळ होतात, आणि ते नुकसान पुढे भरून निघेलच असं नाही. "खेळाडू मुलींचं असंच असतं" हे वाक्य कृपया कुणी म्हणू नका. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल किंवा आलेली थांबली असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, मग राज्यस्पर्धा पुढच्या आठवड्यात असली तरी.

खडूफळा

आता आमच्या बाजूने, म्हणजे शाळेच्या बाजूने. सांजवेळ यांनी विचारलंय मुली चौदाव्या वर्षी कुठे जातात. नववीत जातात हो, आणि तिथून क्लासला. आंतरराष्ट्रीय नियमाने ज्या वर्षी सोळा पूर्ण होतात त्या वर्षापासून मुलगी सीनिअर. म्हणजे खरी कारकीर्द सुरू होते ते वर्ष आणि आपली दहावी-अकरावी अगदी एकमेकांवर येऊन पडतात. धावपटूचं तसं नसतं, तो बारावीनंतरही जोमाने सुरू करू शकतो. रिदमिकवाली एक वर्ष थांबली तर शरीर तेवढ्यात बदललेलं असतं.

दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत. पण बक्षीस शेवटी ठेवलंय, मधल्या वाटेवर काही नाही. मुलीला दुपारी दोनला शाळेतून सोडायचं म्हटलं तर मुख्याध्यापकांच्या हातात काही नसतं, हजेरीचा प्रश्न येतो. आमच्या शाळेतली एक मुलगी डब्यातली पोळी रिक्षात खात सरावाला जायची. आठवीत राज्याला पदक, नववीच्या दिवाळीनंतर बंद. तिच्या वडिलांना मी दोष देत नाही, दोन मुलींची फी भरणारा माणूस होता.

मनमाडकर

हे वाचून खरंच वाईट वाटलं. खर्च साधारण कशाकशाचा असतो?

ठाण्याची_रिबन

साधनं बहुतेक बाहेरची: जपानच्या सासाकी, चाकोट, इटलीच्या पास्तोरेली. लहानपणी साधं साधन चालतं, पण राष्ट्रीय पातळीवर मापं तपासतात. बॉल किमान ४०० ग्रॅम आणि १८ ते २० सेंटीमीटर व्यासाचा, हूपचा आतला व्यास ८० ते ९० सेंटीमीटर. हूप विमानाने-रेल्वेने नेणं हीच एक कसरत, जरा वाकला की गेला. लिओटार्ड सगळ्यात महाग, त्यावरचे खडे एकेक करून हाताने चिकटवलेले असतात. आमच्याकडे मोठ्या मुलींचे लिओटार्ड लहानींना जातात, आया रात्री बसून खडे पुन्हा चिकटवतात. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. शिवाय नृत्य शिकवणारी व्यक्ती वेगळी, संगीत कापून घ्यायचं वेगळं, प्रवास वेगळा. चारही साधनांची चार रूटीन्स बसवायची म्हणजे हे सगळं गुणिले चार.

आणि खडूफळा सर, आपल्या जिम्नॅस्टिक्स महासंघाला मधली बरीच वर्षं क्रीडा मंत्रालयाची मान्यताच नव्हती. त्या काळात वाढलेल्या मुलींची आख्खी पिढी शिबिरांविना, बाहेरच्या स्पर्धांविना गेली. माझ्याहून कितीतरी गुणी मुली होत्या त्यात. या खेळात चार वर्षं गेली म्हणजे मुलगीच गेली.

अबोली

एक नाव कुणीच घेतलं नाही अजून म्हणून. मार्गारिता मामून, रिओ २०१६ ची सुवर्णविजेती. जन्म मॉस्कोचा, वडील बांगलादेशातल्या राजशाहीचे. ज्युनिअर असताना ती काही काळ बांगलादेशकडून खेळलीही होती. मग रशियात राहिली आणि तिथल्या यंत्रणेतून वर आली. सुवर्ण मिळालं त्याच आठवड्यात वडील कर्करोगाने गेले. पुढच्या वर्षी तिने निवृत्ती घेतली, जेमतेम बावीस वर्षांची होती तेव्हा.

दक्षिण आशियाई मुलीचं शरीर या खेळाला योग्य नाही असं जे बोललं जातं, त्याला मी हे एक उदाहरण देते. सांजवेळ, तुमचा मुद्दा मला इथे पटला. ज्या देशात मोठं व्हायचं तिथला हॉल आणि तिथले प्रशिक्षक मिळाले, म्हणून ती मामून झाली.

रानजाई

पहिल्यांदाच लिहितेय. माझी लेक नऊ वर्षांची, पुण्यात. तिला शिकवणाऱ्या ताई म्हणतात हात फार चांगला आहे, आता रोज चार तास द्या आणि सुट्टीत परदेशी शिबिराला पाठवा. हे सगळं वाचून उत्साहही येतोय आणि भीतीही. दार्याची आई कशी राहिली असेल हो लांब? मला नाही जमणार. मग माझ्या मुलीने इथेच थांबायचं का?

सांजवेळ

रानजाई, मी तुमच्या जागी असते तर बाराव्या वर्षी मुलीला लांब पाठवलं नसतं, हे स्पष्टच सांगते. दार्याच्या कहाणीतलं ते पाऊल तिच्या घरच्या परिस्थितीतलं आहे: आई त्याच खेळातली, तिकडे आजोबांच्या बाजूचं नातं, नागरिकत्वाचा मार्ग खुला. त्या पावलाची नक्कल करायची नाही. नक्कल करायची असेल तर नंतरच्या पाच वर्षांची करावी. प्रशिक्षक बदलत राहू नका, घरापासून जवळचा हॉल धरा, शाळेशी आत्ताच बोलून ठेवा.

ठाण्याची_रिबन

रानजाई ताई, नऊ वर्षांच्या मुलीला रोज चार तास मला जास्त वाटतात. माझ्याकडे या वयाच्या मुली आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी घेतात, आणि ती मी मोडू देत नाही. परदेशी शिबिर आत्ता नको, त्या पैशात वर्षभर चांगला नृत्यवर्ग होईल. कथक किंवा भरतनाट्यम् शिकलेल्या मुलींना संगीत पटकन कळतं, आणि नवीन नियमावलीत साधनाच्या करामतींची संख्या कमी करून कलात्मकतेला जागा दिली आहे, त्यामुळे याचा फायदाच होईल.

ताईंना दोन गोष्टी विचारा: दोन्ही पायांवर सारखं काम घेतात का, आणि सराव चालू असताना पालकांनी बसलेलं चालतं का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर दुसरा वर्ग बघा.

रानजाई

विचारते उद्याच. छपराची उंचीही बघून येते.

फिजिओ_नाशिक

आणि सरावाआधी तिने काय खाल्लंय तेही रोज बघा. नुसत्या बिस्किटांवर पाठवू नका. पोळी-भाजी, केळं, अंडं चालत असेल तर अंडं. रात्री नऊच्या आधी झोप. वजनकाटा वर्गात ठेवलेला दिसला तर कशासाठी आहे ते विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर मुलीला त्या वर्गात घालू नका.